न्हाणीघराचा झरोका

दिवाळी आली की आमच्याकडे फराळाआधी एक काम असतं. मी शिडी घेतो आणि न्हाणीघराचा झरोका आतून-बाहेरून झाडतो. कोळ्याची जाळी, चिमणीने आणून टाकलेल्या काड्या, पावसाळ्यात साचलेली धूळ, सगळं काढतो. घरातले हसतात. हसू देत. यामागे एक गोष्ट आहे आणि ती आजवर मी अर्धीच सांगत आलो. हे लिहिलेलं आमचे नातेवाईकही वाचतात, म्हणून आज पूर्ण सांगून टाकतो.

यवतमाळची थंडी ज्यांनी अनुभवली नाही त्यांना वाटतं, विदर्भ म्हणजे नुसता उन्हाळा. पण आमचं गाव उंचावर आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पहाटे चांगलंच कुडकुडायला होतं. माझ्या लहानपणी अंगणात तांब्याचा बंब होता. बंबाच्या मधोमध नळी असते. त्या नळीत खालून पऱ्हाट्या घालायच्या (कपाशीची वाळलेली झाडं, आमच्याकडे त्यांची कमी नाही), तुराट्या घालायच्या, धूर वरून निघून जायचा आणि भोवतीचं पाणी तापायचं. डोळे चुरचुरायचे, हात काळे व्हायचे. पण बंब अंगणात आणि आंघोळ आत. जाळ आणि माणूस कधी एका खोलीत बंद झाले नाहीत.

पुढे विजेचं गिझर आलं आणि त्याच्या मागोमाग लोडशेडिंगची वर्षं आली. पहाटेच वीज जायची, मग त्या गिझरचा उपयोग काय? २००८ साली मी नोकरीच्या गावाहून पैसे पाठवले आणि आई-बाबांसाठी गॅसचं गिझर बसवून घेतलं. दोन सेलवर पेटणारं, नळ सोडला की 'भक्' करून सुरू होणारं. सिलिंडर मागच्या अंगणात, गिझर मात्र न्हाणीघरात, नळाच्या वर भिंतीवर. बसवणारा मिस्त्री जाताना बाबांना बजावून गेला होता, "काका, हा झरोका बंद नका करजा." झरोका म्हणजे वरच्या बाजूला काचेच्या तिरप्या पट्ट्यांची छोटी चौकट.

बाबा पाणी काटकसरीने वापरणारे. यवतमाळात निळोण्याच्या आणि चापडोहाच्या धरणांवर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, तिथे आंघोळ म्हणजे एक बादली. बादली भरायला चार-पाच मिनिटं. बादली भरली की गिझर बंद, मग आंघोळ. त्यामुळे चार वर्षं काही झालं नाही.

जानेवारी २०१२ मध्ये आईला खोकला झाला. आंघोळीला गेली की झरोक्यातून वारा यायचा आणि ती काकडून बाहेर यायची. मी सुट्टीवर आलो होतो. नव्या टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल होतं, ते मापाने कापलं आणि काचेच्या पट्ट्यांवर आतून घट्ट बसवलं. वर चिकटपट्टी. बाबांनी स्टूल धरलं होतं. म्हणाले, "त्या मिस्त्रीने काहीतरी सांगितलं होतं रे झरोक्याचं." मी म्हटलं, "दार उघडतोच ना आपण." झालं. विषय संपला. आईचा खोकला गेला, मी नोकरीवर गेलो, थर्माकोल तिथेच राहिलं.

त्याच वर्षीची दिवाळी. सप्टेंबरात सरकारने सवलतीचे सिलिंडर वर्षाला सहावर आणले होते, त्यामुळे घरोघरी गॅसचाच हिशोब चालला होता. तरी नरक चतुर्दशीला कोण हिशोब करतो? घरात आम्ही आठ जण. आई, बाबा, मी, बायको, लेक, ताई, भाऊजी आणि नऊ वर्षांचा भाचा. पहाटे चारला आईने सगळ्यांना उठवलं, तेल लावलं, उटणं दिलं, आणि एकामागून एक सगळे न्हायला गेले. सूर्योदयाच्या आत सगळ्यांचं उरकायचं म्हणून मध्ये थांबायचं नाही. त्या दिवशी बादलीचा नियमही कोणी पाळला नाही. गिझर जवळजवळ तासभर सुरूच होता.

चौथा नंबर भाच्याचा. तो बाहेर आला आणि म्हणाला, "मामा, डोकं दुखतंय." आम्ही म्हटलं, झोप झाली नाही. बायको बाहेर आली तर तिला मळमळत होतं. म्हटलं, रिकाम्या पोटी उटण्याचा वास, पित्त झालं असेल. आता लिहिताना हे किती स्वच्छ दिसतंय! त्या पहाटे मात्र प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक सोयीचं कारण तयार होतं.

आई सगळ्यात शेवटी गेली. आया शेवटीच जातात. आम्ही ओसरीवर फटाक्यांची वाट लावत होतो. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "हिचं अजून झालं नाही का?" आतून पाण्याचा आवाज येत होता. ताईने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग भाऊजींनी खांदा लावला, कडी तुटली. आई बादलीशेजारी भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला. वर गिझर धडधडत होता. ज्योत निळी असायला हवी, ती पिवळी होती, आणि वरची भिंत काळी पडली होती. बाबा पुढे म्हणाले की पिवळी ज्योत त्यांनी दोन महिने आधीपासून पाहिली होती. त्यांना वाटलं, समईचीही पिवळीच असते.

तिला चादरीत गुंडाळून अंगणात आणलं. मोकळ्या हवेत काही मिनिटांत तिने डोळे उघडले, ओकली, पण काय बोलतेय ते कळेना. शेजारच्या काकांनी गाडी काढली. दवाखान्यात बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. मला हायसं वाटलं. डॉक्टरांना वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "आंघोळ करताना झालं? घरी गॅसचं गिझर आहे?" आणि 'हो' म्हणताच आईच्या तोंडावर मास्क चढला.

नंतर त्यांनी समजावलं ते सांगतो, कारण ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. गॅस जळायला हवा लागते. हवा पुरेशी मिळाली नाही की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत जात नाही, ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. ऑक्सिजनला जागाच उरत नाही. आणि तो बोटाचा चिमटा? त्याला दोघांतला फरक कळत नाही. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, म्हणून तो अठ्ठ्याण्णव दाखवतो. साध्या हवेत रक्तातलं हे विष निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात होतं. म्हणून मास्क.

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "न्हाणीघराला खिडकी आहे ना?" मी म्हटलं, "आहे." खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

दुपारी घरी येऊन मी ते थर्माकोल काढलं. कडांना काजळी धरली होती. कोणी पाहायच्या आत फोडून कचऱ्यात टाकलं असतं, पण आत्या दारात उभीच होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या गोतावळ्यात झालं की झरोका बंद केला होता. आणि बंद कोणी केला? गॅस वाचवणारे, पाणी वाचवणारे, उष्णता वाचवणारे कोण, तर बाबा! आत्याने त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं, "काऊन रे, चार पैशांच्या गॅसपायी बायकोचा जीव घेत होता का?" मी तिथेच होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "चुकलंच माझं."

मी काही बोललो नाही.

आई दोन दिवसांत घरी आली, पुरती बरी झाली. ते तर झालंच. पण तिथून पुढे मी या विषयाचा पिच्छाच धरला. गुन्हा कबूल न करता प्रायश्चित्त घ्यायचं असलं की माणूस फार अभ्यासू होतो :)

पहिलं गणित मी न्हाणीघराचं मांडलं. स्वयंपाकाच्या एका मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट जाळ हे एक गिझर ओढतं. एक किलो गॅस नीट जळायला साधारण बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आमचं न्हाणीघर पाच बाय सहा फूट, उंची आठ. म्हणजे सात घनमीटरही नाही. तासभर गिझर चाललं तर पाऊण किलोच्या आसपास गॅस जळतो. कोंडलेल्या खोलीत तेवढी हवा येणार कुठून? दार मध्ये मध्ये उघडत होतं म्हणून आई वाचली, असं मला आजही वाटतं.

त्या दिवाळीत वणीचे मामा भेटायला आले. वणीच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी, उकणी, निळजई वगैरे. तिकडे थंडीत कोळशाची शेगडी घरोघरी. मामा म्हणाले, "आमच्याकडे शेगडी आंगणात पेटवतात, धूर गेला, कोळसा लाल झाला, की मग घरात नेतात. पण तुही आजी दाराला फट ठेवल्याशिवाय झोपू देत नव्हती." हा तर हुबेहूब तोच सापळा! धूर गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. पण लाल निखाऱ्यातूनच हा वायू येत राहतो. आजीला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण दाराला फट ठेवायला तिला यायचं.

मामांचा मुलगा शिकागोजवळ राहतो. त्याचा त्याच रात्री फोन आला, आणि तो फोनवर ओरडलाच, "दादा, तुमच्याकडे अलार्म नाही?" मला वाटलं चोरांचा म्हणतोय. तर त्यांच्या राज्यात, इलिनॉयमध्ये, २००७ पासून कायदा आहे, झोपायच्या खोलीपासून पंधरा फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. २०१६ च्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो छताजवळ लुकलुकताना पाहिला.

आणि पाहिली त्याची गॅसची फायरप्लेस. सिनेमात दिसते तशी, पण लाकडं मातीची आणि जाळ गॅसचा. मला आधी भीतीच वाटली, बैठकीच्या खोलीत, दारं-खिडक्या बंद, बाहेर बर्फ, आणि हे लोक आगीसमोर चहा पिताहेत! मग त्याने उकलून सांगितलं. पुढची काच पक्की बंद असते. आतला जाळ खोलीतली हवा घेतच नाही. भिंतीतून बाहेर नळीत नळी जाते. आतल्या नळीतून जळालेला वायू बाहेर, बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत. छोटी पायलट ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद. दर वर्षी थंडीआधी माणूस येऊन बर्नर साफ करतो, काचेभोवतीची पट्टी पाहतो, नळीच्या बाहेरच्या तोंडाशी घरटं नाही ना ते पाहतो. बर्फ पडला की भाऊ स्वतः जाऊन ते तोंड मोकळं करतो. काच भयंकर तापते, म्हणून पोरांसाठी पुढे जाळी. मी ती नळी पाहत बसलो आणि मला आमचा तांब्याचा बंब आठवला. त्यालाही मधोमध नळीच की! धुराला त्याची स्वतंत्र वाट, माणसाला त्याची स्वतंत्र हवा.

आधीची सगळी साधनं धुरकट होती. चुलीने आपल्या आज्यांचे डोळे गेले, फुप्फुसं गेली, त्यामुळे चुलीचं कौतुक मी करणार नाही. २०१६ पासून उज्ज्वलाने गॅस खेडोपाडी गेला ते चांगलंच झालं. पण धूर राखणही करायचा. जास्त झाला की माणूस खोकत बाहेर यायचा. गॅसने धूर नेला आणि राखणदारही नेला. सिलिंडरमधल्या गॅसला निदान मुद्दाम वास घातलेला असतो (मुळात त्याला वास नसतोच), म्हणून गळती कळते. जळल्यावर होणाऱ्या विषाला तर तेही नाही. तिथे राखण आपणच करायची.

तर आमच्याकडे आता काय काय आहे ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर.

गिझर न्हाणीघरात नाही. मागच्या अंगणात भिंतीवर, वर पत्र्याची पडवी, आणि गरम पाणी तेवढं नळीने आत येतं. नवा मिस्त्री जुनी जागा पाहून म्हणाला होता, "भाऊ, या गिझरले हवाच नव्हती, थ्ये तरी काय करन?" हा एक बदल बाकी सगळ्यांवर भारी आहे. ज्यांना जागाच नाही त्यांनी किमान धुराची नळी थेट बाहेर काढावी, वर झरोका आणि खाली दाराला फट ठेवावी, आणि बादली भरून गिझर बंद करून मगच आंघोळीला बसावं. तरीही माझं मत विचाराल तर, बाहेरच.

दर दिवाळीआधी गिझर उघडून साफ करून घेतो, दुरुस्ती येणाऱ्या माणसाकडूनच. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी दिसली की वापर बंद. नारिंगी रंगाची, आत तार असलेली आयएसआय खुणेची नळी वापरतो आणि पाच वर्षांनी बदलतो. उंदरांचं घर असेल तर त्याआधीही पाहावी. सांधे साबणाच्या फेसाने तपासायचे, काडी ओढून कधीच नाही. सिलिंडर उभाच ठेवायचा, आणि घेताना त्यावरचं अक्षर पाहायचं: ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढे वर्ष. ती मुदत उलटलेला सिलिंडर परत करायचा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून खालचं दार उघडणं महत्त्वाचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आंघोळीनंतर घरातल्या दोघांना एकाच वेळी डोकेदुखी किंवा मळमळ झाली, तर ते पित्त नाही. आधी माणसं बाहेर काढा, मग कारण शोधा. दवाखान्यात गेल्यावर 'गॅसचं गिझर होतं' हे आपणहून सांगा. बोटाच्या चिमट्यावर विसंबू नका.

आता राहिलेली अर्धी गोष्ट.

बाबा २०१९ मध्ये गेले. सात वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, झरोक्याचा विषय निघाला की लोक त्यांची थट्टा करायचे. ते हसायचे. एकदाही म्हणाले नाहीत की पोराने लावलं होतं. मीही म्हणालो नाही. त्यांच्याशी एकट्याने असताना दोनदा विषय काढायला गेलो, दोन्ही वेळा त्यांनी पेपर वर केला.

मागच्या दिवाळीत मी शिडीवर होतो आणि आई खाली बसून शंकरपाळे कातत होती. मी वरूनच सांगून टाकलं. थर्माकोल मी लावलं होतं, बाबांनी फक्त स्टूल धरलं होतं. म्हटलं, आता रडेल किंवा जाऊ दे रे म्हणेल. कातणं थांबवून ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी त्यांनाच बोलत होते!"

दर थंडीत ती त्यांना बोलायची, हे मला माहीतच नव्हतं.

त्यानंतर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नीट झाड. त्या कोपऱ्यात जाळी राहिलीय."

तर आत्या, ताई, भाऊजी, वणीचे मामा, आणि जे कोणी वाचताय ते सगळे, झरोका बाबांनी बंद केला नव्हता. मी केला होता. आणि तुम्ही हे वाचून झाल्यावर एकदा तुमच्या न्हाणीघरात जाऊन वर पाहा. काय दिसलं ते जरूर कळवा.